टीव्ही आवडू द्या, फक्त सेटिंग तुमचं ठेवा

पत्र

सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, वय ६४. जन्मभर टीव्हीच्या विरोधात बोलत आले. मुलांना त्याच्यासमोर बसू दिलं नाही, मैत्रिणींना उपदेश केले. घरात एक लहान टीव्ही होता, तोही बातम्यांपुरता. काही महिन्यांपूर्वी मुलाने आणि सुनेने ५५ इंची स्मार्ट टीव्ही आणून भिंतीवर लावला. सुरुवातीला मी त्याच्याकडे पाठ करून बसायचे. मग एका संध्याकाळी सुनेने समुद्राखालच्या जीवांवरचा माहितीपट लावला. ऑक्टोपसचा रंग डोळ्यांदेखत पालटला आणि मी जागची उठलेच नाही. आता रोज रात्री काहीतरी बघते. जुने कृष्णधवल चित्रपट बघते, भाषा येत नसलेले सिनेमेही बघते. मला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे खाली सबटायटल उमटतात याचं फार सुख वाटतं.

पण अपराधीही वाटतं. मैत्रिणींना अजून सांगितलेलं नाही. शिवाय ह्यांच्या तक्रारी चालूच आहेत. सिनेमातली माणसं मालिकेतल्यासारखी गुळगुळीत हलतात. जुन्या सिनेमाच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. संवाद पुटपुटल्यासारखे आणि मारामारी आली की कानठळ्या. हा टीव्ही आपल्यावर पाळत ठेवतो, असंही त्यांचं ठाम मत आहे. माझी स्वतःची तक्रार एकच. एक गोष्ट बघायची म्हणून टीव्ही लावते आणि पहिल्या पानावरच अर्धा तास जातो. मी हरले का? आणि जुन्या टीव्हीचं काय करू? झोपायच्या खोलीत लावू का?

उत्तर

ताई,

हरलात कशाला? तुम्ही ज्या टीव्हीला नावं ठेवलीत तो टीव्ही वेगळा होता. वेळापत्रक त्याचं, कार्यक्रम त्याचे, मध्येच येणाऱ्या जाहिराती त्याच्या. समोर बसणाऱ्याच्या हातात चॅनल बदलण्यापलीकडे काही नव्हतं. मुलांना त्यापासून लांब ठेवलंत ते बरंच केलंत, आणि तो उपदेश मागे घ्यायचीही गरज नाही. आज तुमच्या भिंतीवर आहे ती वस्तू तुम्ही मागाल ते, मागाल तेव्हा दाखवते. हवी तिथे थांबते, दहा सेकंद मागे जाते, बोललेलं लिहून दाखवते. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आवाज वाढवा म्हणून कुणाची विनवणी न करता अख्खा सिनेमा बघता येणं ही मोठी गोष्ट आहे. मैत्रिणींना खुशाल सांगा. त्यांच्यातलीही एखादी ऐकू येत नाही म्हणून सिनेमा बघणंच सोडून बसली असेल, तिला तर सगळ्यात आधी सांगा.

तुम्हाला भुरळ पडली ती उगाच नव्हे. ऑक्टोपसच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात. स्नायूंनी त्या ताणल्या-आवळल्या की अंगभर रंग फिरतो. हा खेळ तुमच्या जुन्या लहान पडद्यावर इतका उघडून दिसलाच नसता. फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, फोरके पडद्यावर ८३ लाख, आणि ५५ इंची टीव्ही आता बहुधा फोरकेच असतो. त्याच्या जोडीला एचडीआर असलं की गडद सावलीतले आणि लख्ख उजेडातले बारकावे एकाच दृश्यात टिकतात. हे सगळं नजरेपर्यंत पोचायला बसायचं अंतर मात्र जमावं लागतं. पडद्याने नजरेचा साधारण ३० अंशांचा कोन व्यापावा, असा जुना दंडक आहे. ५५ इंचांसाठी ते अंतर सव्वादोन मीटर, म्हणजे सात-साडेसात फूट होतं. तुमची खुर्ची याहून बरीच मागे असेल तर पुढे ओढा. जवळ बसल्याने डोळे कायमचे बिघडत नाहीत, फार तर थकतात. थकले की उठावं.

पुढचं सगळं ज्यावर बेतलेलं आहे ते आता सांगते. खोक्यातून निघालेल्या टीव्हीची सेटिंगं तुमचा विचार करून ठेवलेली नसतात. दुकानाच्या झगझगाटात उठून दिसावं म्हणून चित्र भडक केलेलं असतं, तुम्ही जास्तीत जास्त वेळ बसावं म्हणून पहिलं पान रचलेलं असतं, आणि परवानग्या कंपनीच्या सोयीच्या असतात. निवड आपल्या हातात आली म्हणूनच हा टीव्ही तुम्हाला आवडला ना? मग ती अर्धवट हातात का ठेवायची? एका दुपारी सुनेला शेजारी बसवा, रिमोट मात्र तुम्ही धरा. मेनूत दोनदा स्वतः गेलात की तिसऱ्यांदा कुणाला हाक मारावी लागणार नाही.

सुरुवात यजमानांच्या पहिल्या तक्रारीने करू, कारण त्यांची नजर अचूक आहे. बोलपट रुळल्यापासून सिनेमा सेकंदाला २४ चित्रं या वेगाने घेतला जातो. त्या वेगामुळे हालचालीला जो किंचित पुसटपणा येतो, तो आपल्या डोळ्यांच्या इतका अंगवळणी पडला आहे की तो नसला तर सिनेमा सिनेमा वाटत नाही. टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. मग मधल्या जागा भरायला टीव्ही स्वतःच्या अंदाजाने चित्रं तयार करतो. आधीचं चित्र असं, नंतरचं असं, म्हणजे मधलं अमुक असेल, असा त्याचा हिशेब. खेळाचा सामना बघताना हे चालून जातं, चेंडू स्पष्ट दिसतो. सिनेमात मात्र राजवाड्यातला राजा एकदम स्टुडिओत उभा राहिलेला नट होतो. बारकाईने बघा, कुणी झटकन हात हलवला की बोटांच्या कडेला पाण्यासारखी थरथर उमटते. तिथे टीव्हीचा अंदाज चुकलेला असतो.

डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्टोफर मॅक्वारी यांनी खास व्हिडिओ काढून प्रेक्षकांना ही सोय बंद करायची विनंती केली होती. तेव्हा यजमान चांगल्या संगतीत आहेत. सोनीमध्ये तिला मोशनफ्लो म्हणतात, एलजीमध्ये ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. चित्राच्या सेटिंगमध्ये शोधा आणि बंद करा. त्याहून सोपं म्हणजे फिल्ममेकर मोड. यूएचडी अलायन्स या संस्थेने २०१९ मध्ये तो जाहीर केला, आणि त्यामागे कितीतरी दिग्दर्शकांचा आग्रह होता. तो निवडला की टीव्ही आपली कारागिरी थांबवतो आणि सिनेमा जसा घडवला तसा दाखवतो. तुमच्या टीव्हीत तो नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' नावाचा मोड घ्या. तो घेतल्यावरही हालचालीचं सेटिंग एकदा तपासाच, काही टीव्हींत ते मागे तसंच चालू राहतं.

मोड बदलला की पहिल्यांदा चित्र पिवळट आणि मंद वाटेल. यजमान म्हणतील, बिघडवलंस. दोन-चार दिवस तसंच राहू द्या. आजवर डोळ्यांना निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते, ती मोडायला तेवढा वेळ लागतो. मग मुद्दाम पुन्हा 'व्हिव्हिड' लावून बघा. माणसांचे चेहरे ट्यूबलाइटखाली बसवल्यासारखे दिसतील आणि तुम्ही स्वतःच परत याल. रात्रीचे प्रसंग अगदीच दिसेनासे होत असतील तर वीजबचतीचं किंवा खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र मंद करणारं सेटिंग चालू आहे का ते बघा. बहुतेक वेळा तिथेच अडलेलं असतं.

काळ्या पट्ट्यांच्या बाबतीत मात्र मी यजमानांच्या बाजूने नाही. जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी, चारास तीनच्या आसपास. तुमचा पडदा सोळास नऊ. बाजूंना जागा उरणारच. ती घालवायला 'झूम' केलं तर वरची-खालची मिळून जवळपास पाव चौकट कापली जाते. टोपी घातलेला नट टोपीविना दिसतो, आणि नाचाच्या दृश्यात पावलंच गायब. चित्र नुसतं आडवं ताणलं तर सगळे लठ्ठ आणि बुटके. छायाचित्रकाराने एकेक चौकट डोळ्यांत तेल घालून बांधलेली असते, ती तशीच बघण्यात आनंद आहे. खोलीतला दिवा पडद्याच्या मागे किंवा बाजूला ठेवा, पट्ट्या काही मिनिटांत विसरायला होतील. तुमचा टीव्ही ओलेड, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणाऱ्या पडद्याचा, असेल तर एवढं पाळा, की एकच स्थिर चित्र तासन्‌तास पडद्यावर ठेवू नका, त्याचा डाग उमटू शकतो. साध्या एलईडी टीव्हीला ही काळजी नाही.

आवाजाचं कारण सोपं आहे. पडदा पातळ झाला तसे स्पीकरही लहान झाले, आणि त्यांची तोंडं बहुधा खाली किंवा मागे असतात. त्यात सिनेमाचा आवाज थिएटरच्या अनेक स्पीकरांसाठी बांधलेला. ॲपमध्ये सबटायटल निवडता तिथेच आवाजाचेही पर्याय असतात. ५.१ (थिएटरसारख्या अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी साधा स्टिरिओ मिळत असेल तर तो घ्या. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद उठावदार करणारा आणि रात्री मोठे आवाज दाबणारा असे पर्याय असतात, तेही चालू करा. एवढ्याने भागलं नाही तर साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घ्या आणि तो टीव्हीच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या एचडीएमआय खोबणीत जोडा, म्हणजे एकाच रिमोटने काम होतं. तुमच्या कानासाठी आणखी एक सुचवते. काही टीव्ही ब्लूटूथ हेडफोनला आणि स्वतःच्या स्पीकरला एकाच वेळी आवाज देतात. तुमच्या टीव्हीत ती सोय असेल तर तुम्हाला हवा तेवढा आवाज तुमच्या कानाशी, आणि यजमानांना त्यांचा. सबटायटलचा आकार आणि त्यामागची काळी पट्टीही बदलता येते. अक्षरं मोठी करा, पिवळी करून बघा. पांढऱ्या साडीवर पांढरी अक्षरं वाचायची शिक्षा कुणी भोगू नये.

आता पाळत. यजमानांना वेडगळ ठरवू नका, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बऱ्याच स्मार्ट टीव्हींत पडद्यावर काय चाललंय ते ओळखणारी यंत्रणा असते. ती चित्राचे नमुने घेते आणि कंपनीकडच्या साठ्याशी ताडून बघते, मग ते चित्र ॲपमधून येवो की बाहेरून जोडलेल्या एखाद्या यंत्रातून. त्यावरून तुमच्या आवडीचा अंदाज बांधून जाहिराती दाखवल्या जातात. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवरून ग्राहकांना नीट न सांगता अशी माहिती गोळा केली, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने केला होता. २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं.

टीव्ही पहिल्यांदा लावला तेव्हा अटींची पानं आली असतील आणि त्यांत 'सर्व मान्य' हे बटण सगळ्यात ठळक असेल. घाईत तेच दाबलं जातं. पण त्यातल्या बऱ्याचशा परवानग्या नंतर काढून घेता येतात, आणि त्याने टीव्ही बघण्यात काडीचाही फरक पडत नाही. सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस', रोकू टीव्हीत 'यूज इन्फो फ्रॉम टीव्ही इनपुट्स' बंद करा. सोनीच्या अनेक टीव्हींत हे काम 'सांबा' नावाची सेवा करते, ती बंद करा. आवडीनुसार जाहिराती हा पर्याय दिसेल तिथे नकार द्या. माइकचं म्हणाल तर साध्या रिमोटवरचा माइक बटण दाबल्यावर ऐकतो. काही टीव्हींच्या अंगातच माइक असतो. तसा असेल तर पडद्याच्या खालच्या कडेला बहुधा एक बारीक खटका सापडेल, तो बंद करून यजमानांना दाखवा. तुम्ही कोणत्या ॲपवर काय पाहिलंत हे त्या ॲपच्या कंपनीला मात्र कळतच राहणार. यजमानांनाही ते तसंच सांगा, उगाच खोटी खात्री देऊ नका.

पहिल्या पानावर जाणाऱ्या तुमच्या अर्ध्या तासाचं मला या सगळ्यांहून जास्त वाटतं. ज्या टीव्हीला तुम्ही जन्मभर विरोध केलात तो याच दारातून परत येतो. पान उघडताच वर एक मोठी जाहिरात, खाली 'तुमच्यासाठी' म्हणून रांगांवर रांगा, एखाद्या चित्रावर क्षणभर थांबलात की त्यातला प्रसंग आपोआप चालू. तुम्ही काय बघायचं ठरवून आला होतात ते या गलक्यात पुसलं जातं. तुमचा निग्रह कमी पडत नाही, ते पान त्याच कामासाठी बनवलेलं असतं.

यावर माझा अगदी जुन्या पद्धतीचा उपाय आहे. ठरवणं आणि बघणं यांच्या वेळा वेगळ्या करा. दिवसा कुठे काही वाचलंत, कुणी नाव सुचवलं, तर फोनवरच्या त्याच ॲपमध्ये ते 'माझी यादी'त टाका. रात्री टीव्हीवर ती यादी तयार असते. वही आवडत असेल तर वहीत लिहा. टीव्ही लावलात की रिमोटवरचं माइकचं बटण दाबून नाव सरळ बोला, पहिल्या पानाकडे बघूच नका. बाणांच्या बटणांनी एकेक अक्षर वेचत बसण्याचा त्रासही त्यात वाचतो.

मग ते पानही छाटा. गुगल टीव्ही असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये फक्त ॲप दाखवायचा पर्याय आहे, त्याने शिफारशींच्या रांगा जवळपास नाहीशा होतात. पण त्यात बोलून शोधायची सोयही जाते, म्हणून दोन्ही करून बघा आणि जे सोयीचं वाटेल ते ठेवा. नेटफ्लिक्सवर आपोआप चालू होणाऱ्या झलका २०२० पासून बंद करता येतात, आणि पुढचा भाग आपोआप लागणंही. दोन्ही प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये आहेत, तिथे ब्राउझरमधून गेलात की लगेच सापडतील. यूट्यूबवर बघण्याचा इतिहास पुसून बंद केला तर पहिलं पान रिकामंच दिसतं. काहींना ते भकास वाटतं, मला तरी फार मोकळं वाटतं. आणि यजमानांसाठी वेगळं प्रोफाइल करा. दोघांची आवड एकाच खात्यात मिसळली की धड तुमचं सुचवलं जात नाही, धड त्यांचं.

रोज रात्री किती बघावं याचा आकडा तुम्ही विचारलेला नाही, मीही सांगणार नाही. झोप, फिरणं, वाचन आणि माणसांशी बोलणं जागच्या जागी असेल तर एक सिनेमा पूर्ण बघून उठणं यात गैर काही नाही. सिनेमा अर्धा राहिला तर राहू द्या, उद्या तो तिथूनच सुरू होतो.

उरला जुना टीव्ही. झोपायच्या खोलीत लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बैठकीच्या खोलीत तुम्ही बघायला म्हणून येऊन बसता, अंथरुणात मात्र डोळा लागेपर्यंत काहीही चालू राहतं. त्यापेक्षा तो घरातल्या अशा खोलीत ठेवा जिथे यजमानांना त्यांच्या बातम्या आणि सामने निवांत बघता येतील. त्याला एचडीएमआय खोबण असेल तर एक स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे इंटरनेटवरची ॲप चालवणारी छोटी कांडी, लावा, तोही स्मार्ट होतो. ही युक्ती नव्या टीव्हीसाठीही लक्षात असू द्या. पडदा वर्षानुवर्षं टिकतो, त्यातलं सॉफ्टवेअर तितकं टिकत नाही. २०१९ च्या डिसेंबरात काही जुन्या स्मार्ट टीव्हींवर नेटफ्लिक्स चालायचं थांबलं, तेव्हा पडदे धडधाकट होते. असं झालं तर टीव्ही बदलू नका, स्टिक लावा. ती लावताना वीज टीव्हीच्या यूएसबी खोबणीतून घेऊ नका. जुन्या टीव्हींत ती अपुरी पडते आणि स्टिक सारखी बंद-चालू होते. सोबत आलेला ॲडाप्टर भिंतीवरच्या सॉकेटात लावा.